मोड आलेले मूग-मेथी कच्चे खायचे की नाही? जर्मनीतलं २०११ चं प्रकरण कुणाला माहितीये का?

हानोवरचा_नाना:
नमस्कार मंडळी, प्रश्न तसा घरगुती आहे पण इथे मायक्रोबायोलॉजीवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. आम्ही हानोवरला असतो, बायकोला पाचवा महिना लागलाय. डॉक्टरीणबाईंनी काय खायचं नाही त्याचा कागद दिला, त्यात कच्च्या दुधाचं चीज, इथले लोक पावावर लावून खातात तो कच्चा खिमा (तो आपण तसाही खात नाही) आणि खाली मोड आलेली कडधान्यं, कच्ची. आता झालंय असं की सासूबाई साताऱ्याहून आल्यात आणि रोज सकाळी वाटीभर मोडाचे मूग, त्यात थोडी मोडाची मेथी, वर कांदा लिंबू मीठ असं लेकीला देतायत, लोह वाढतं म्हणून, आणि त्यांना तो कागद दाखवला तर म्हणाल्या या लोकांना मोड काय कळणार, हे नुसते बटाटे खातात. शेजारची जर्मन बाई मात्र ऐकून एकदम गंभीर झाली. म्हणाली २०११ मध्ये मेथीच्या मोडांनीच इथे माणसं गेली, ते शेत पण याच राज्यात होतं. मला खरंच काही माहीत नव्हतं. नेमकं झालं काय होतं, घरी आणलेल्या मोडांनाही ते लागू होतं का, आणि उसळ चालेल ना? घरात शांतता हवीये, बाकी काही नाही.

बिनधास्त_बंड्या:
काही होत नाही हो. आमची आजी नव्वदीपर्यंत कच्ची मटकी खायची, वर विहिरीचं पाणी. परदेशात राहून लोकांची पोटं नाजूक झालीत आणि तिकडची सरकारं उठसूट घाबरवतात. सासूबाई देतायत ते खाऊ द्या. शिवाय मेथी उष्ण, तिच्यात जंतू टिकतच नाहीत.

एल्बेकाठी:
बंड्याभाऊ, मेथीत जंतू टिकत नाहीत हे त्या जंतूंना कुणी कळवलं नव्हतं बहुतेक :)

२०११ च्या मे मध्ये मी हामबुर्गला शिकत होतो. आधी नुसत्या जुलाबाच्या बातम्या होत्या, मग बघता बघता हॉस्पिटलं भरायला लागली, रक्ताचे जुलाब, मागोमाग किडनी बंद, काहींना फिट्स, काहींना बोलताना शब्दच सापडेनात. इथे सगळे त्याला एहेक म्हणायचे, म्हणजे ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा रक्तस्राव घडवणारा प्रकार. २५ मे ला रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटने (साथींवर लक्ष ठेवणारी जर्मन सरकारची संस्था) सांगितलं की उत्तर जर्मनीत कच्चे टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पानं खाऊ नका. दुसऱ्याच दिवशी हामबुर्गच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं की स्पेनहून आलेल्या काकड्यांवर जंतू सापडला. झालं. युनिव्हर्सिटीच्या खानावळीत सॅलडचा काउंटर ओस, बाजारात काकड्या कुणी फुकट घेईना, स्पेनमध्ये ट्रकच्या ट्रक माल फेकून दिला, रशियाने तर अख्ख्या युरोपियन युनियनची भाजी बंद केली. आणि ३१ मे ला काय कळावं, तर काकडीवरचा जंतू वेगळा, पेशंटच्या पोटातला तो नव्हेच!! पुढे भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी युनियनने २१ कोटी युरोंची मदत काढली, पण स्पेनवाले अजून त्या काकडीचं नाव काढलं की चिडतात आणि माझ्या मते बरोबरच चिडतात. प्रयोगशाळेचा पूर्ण रिपोर्ट येण्याआधी देशाचं नाव घेऊन मोकळं व्हायची गरज नव्हती.

आम्ही देशी पोरं तेव्हा कॉलर ताठ करून फिरायचो, आपण सगळं शिजवून खातो, आपल्याला काय. मोडांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

पेट्रीडिश:
(अन्नातले जंतू हाच माझा धंदा आहे त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.)

एल्बेकाठी यांनी गोष्ट काकडीपर्यंत आणलीये, खरी मजा तिच्या पुढे आहे. या साथीत पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. हा विषारी ई. कोलाय किडनीवर जातो तेव्हा एरवी बळी पडतात ती लहान मुलं, पाच वर्षांच्या आतली. इथे जवळजवळ सगळे मोठे आणि त्यातही दोन तृतीयांश बायका. मग अंदाज असा की मोठी माणसं, त्यातून बायका जास्त खातात असं काहीतरी, म्हणजे सॅलडसारखं. इथवर डोकं बरोबर चाललं होतं. आता पुढचं पाऊल काय तर पेशंटला विचारायचं, बाई गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं. आणि इथेच गाडी अडली, कारण हा जंतू पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला साधारण आठ दिवस घेत होता आणि सॅलडवर चिमूटभर भुरभुरलेले मोड कोण लक्षात ठेवतं? तुम्ही मागच्या गुरुवारी हॉटेलात खाल्लेल्या पोह्यांवर शेव बारीक होती का जाडी, सांगा बघू. मुलाखतींत पेशंटपैकी जेमतेम पाव लोकांना मोड आठवले. टोमॅटो काकडी मात्र सगळ्यांनाच आठवते, कारण ती आपण रोजच खातो. त्यामुळे संशय तिकडे गेला.

मग रॉबर्ट कॉखच्या लोकांनी जे केलं त्याला मी मनापासून सलाम करतो. त्यांनी पेशंटला विचारणं सोडलं आणि आचाऱ्याला विचारलं. ल्यूबेकमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये वेगवेगळे ग्रुप जेवून गेले होते, त्यातले काही आजारी पडले काही ठणठणीत. या लोकांनी बुकिंगच्या याद्या काढल्या, बिलं काढली, जेवताना काढलेले फोटो बघितले, कुणाच्या ताटात कुठली डिश होती ते पक्कं केलं आणि मग किचनमध्ये जाऊन प्रत्येक डिशमध्ये काय काय पडतं, वरून सजावटीला काय टाकता हे लिहून घेतलं. उत्तर सरळ आलं. ज्यांच्या डिशवर मोड होते त्यांना आजाराची शक्यता इतरांच्या चौदा पट, आणि आजारी पडलेल्या एकूण एक माणसाच्या ताटात मोड होतेच. माणसाला आठवण नाही पण बिलाला असते.

त्याच वेळी दुसरी टीम उलट्या बाजूने येत होती, म्हणजे जिथे जिथे एका ठिकाणी जेवून बरेच जण आजारी पडले तिथला माल कुठून आला, त्याचा पुरवठादार कोण, त्याचा कोण असं मागे मागे जात. असे ४१ गट, आणि सगळ्यांचे धागे एकाच जागी, लोअर सॅक्सनीमधल्या बिनेनब्युटेल गावातल्या मोड पिकवणाऱ्या फार्मवर. ५ जूनला तिथल्या राज्याच्या कृषिमंत्र्याने जाहीर केलं, मग त्या फार्मचे पहिले नमुने निगेटिव्ह आले आणि पेपरवाल्यांनी खिल्ली उडवली की काकडीनंतर आता हे. पण १० जूनला केंद्राच्या संस्थांनी मिळून सांगितलं की हो, मोडच. जुलैच्या शेवटी साथ संपल्याचं जाहीर झालं तोवर जर्मनीत ३,८०० हून जास्त लोक आजारी, त्यातल्या ८५५ जणांच्या किडनीपर्यंत गेलेलं, आणि ५३ मृत्यू. नाना, तुमच्या शेजारीण उगाच गंभीर झाल्या नाहीत.

तिखटमीठ:
बापरे, हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.
नाना, उसळ बिनधास्त करा हो. मुळात आपल्याकडे मोड आणायचे ते शिजवण्यासाठीच, मटकीची उसळ घ्या वालाचं बिरडं घ्या मिसळ घ्या. मोड कच्चे चावत बसायचं हे जिमवाल्यांनी आणि डाएटवाल्यांनी जास्त वाढवलं असं मला तरी वाटतं, आमच्या आईने कच्चे मूग फार तर चव बघायला तोंडात टाकले असतील. सासूबाईंना सांगा मोड आणायचं काम तुमचंच, फक्त पुढे जिरं मोहरी हिंगाची फोडणी देऊन झाकण ठेवून वाफ आणा. लोह कुठे जात नाही आणि लेकीला गरम खायला मिळेल. चिडणार नाहीत, उलट इथली मोहरी कशी तडतडत नाही यावर तासभर बोलतील.

हानोवरचा_नाना:
पेट्रीडिश धन्यवाद, हे बायकोलाही वाचून दाखवलं. तिखटमीठ ताई, आयडिया झकास आहे, आज रात्रीच फोडणी पडेल.
आता सासूबाईंचे प्रश्न, जसेच्या तसे टाकतो: त्या फार्मवाल्याने घाणेरडं पाणी वापरलं असेल, मी उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवते आणि धुतलेल्या फडक्यात बांधते, मग? आणि ती मेथी आपली होती का तिकडची? इंडियन स्टोअरमधून आणलेली आहे आमच्याकडे.

पेट्रीडिश:
सासूबाई हुशार आहेत, नेमका हाच प्रश्न तेव्हा तपास करणाऱ्यांना पडला होता. फार्ममध्ये काही गडबड झाली, कामगारांपैकी कुणाकडून लागण आली, का बियाणंच खराब होतं? (कामगारही आजारी पडले होते त्यामुळे संशयाला जागा होती, पण ते मोड स्वतः खायचेही, मग आधी कोण?) याचं उत्तर जर्मनीत मिळालंच नाही, ते मिळालं फ्रान्समध्ये. जूनमध्ये बोर्दोजवळच्या बेगल गावात मुलांच्या एका केंद्रात कार्यक्रम झाला, तिथे थंड सूपवर मोड घालून दिले, आणि खाणारे काही जण त्याच जंतूने आजारी. त्यांचा त्या जर्मन फार्मशी काडीचा संबंध नव्हता, मोड तिथेच उगवलेले, बी इंग्लंडमधून छोट्या पाकिटात आलेलं. मग दोन्हीकडची बिलं जुळवत गेले तेव्हा दोघांच्यात सामाईक निघाली ती मेथी, इजिप्तहून आलेली, एकाच १५ टनांच्या लॉटमधली. आपली नव्हे. म्हणून आपली सोवळी असं मात्र मुळीच नाही, शेत कुठलंही असो, जनावरं असतात, शेणखत असतं, पाणी कुठून येतं देव जाणे.

आणि यातली मला सगळ्यात अचाट वाटणारी गोष्ट ही की तो लॉट युरोपात उतरला होता २००९ च्या अखेरीस. साथ २०११ च्या मे मध्ये. म्हणजे जंतू कोरड्या बियांवर दीड वर्ष गप्प बसून राहिले. कोरडेपणात ते वाढत नाहीत पण मरतही नाहीत.

आता पाणी उकळून आणि फडकं धुऊन भागतं का? नाही भागत. जंतू आधीच दाण्याच्या सालीवरच्या बारीक भेगांत असतात. तुम्ही दाणे भिजवता, ओलं करून उबेला बांधून ठेवता, दाण्यातून साखर प्रथिनं पाझरतात, आणि एक-दोन दिवसांत जिथे ग्रॅममध्ये एखादा जंतू सापडला नसता तिथे ते लाखांत जातात. आपल्याला मोड यायला जे जे लागतं ते सगळं जंतूला पण लागतं. वास येत नाही, चिकटपणा येत नाही, मोड कसे टवटवीत पांढरेशुभ्र दिसतात. अमेरिकेत मोड पिकवणाऱ्यांना बी आधी २०,००० पीपीएम क्लोरीनच्या द्रावणात भिजवा असा सल्ला आहे, म्हणजे नळाच्या पाण्यात असतं त्याच्या हजारो पट, आणि तरी सगळे मरत नाहीत. म्हणून मोड वाढताना त्यांच्यावरून निथळलेलं पाणी तपासायची पद्धत आली, कारण मूठभर मोड तपासले तर चुकून सुटू शकतं, पाणी मात्र सगळ्यांना धुऊन आलेलं असतं.

शिजवल्यावर काय? हा जंतू विष तयार करतो ते आपल्या आतड्यात बसून, म्हणून तो शिजवताना मेला की विषय संपला. आतपर्यंत ७० अंश, दोन मिनिटं, एवढं पुरतं. उसळ त्याच्या कितीतरी पुढे जाते. नुसतं वरून गरम पाणी ओतून लगेच निथळायचं, ते नको.

मुगांनाही सूट नाहीये. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये मुगाच्या मोडांतून साल्मोनेलाची (हाही जुलाब घडवणारा जंतू) साथ आली होती, त्या प्रकाराचं नाव साल्मोनेला बरेली, कारण १९२८ साली तो पहिल्यांदा आपल्या बरेलीत सापडला. झुमका गिरा रे वाली बरेली, हो.

गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांनी कच्चे मोड टाळावेत असं जर्मन सरकारी सल्ल्यातही आहे, तुमच्या कागदावर तेच आलंय. बाकी धडधाकट माणसाने खावे का हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी नाही खात.

जीनोमजीवी:
पेट्रीडिशनी एपिडेमियोलॉजी म्हणजे साथ कशी पसरली ते सांगितलं, जंतूबद्दल मी थोडी भर घालतो, मी बायोइन्फॉर्मॅटिक्सवाला.

या साथीतला ई. कोलाय, त्याच्या प्रकाराचं नाव ओ१०४:एच४, म्हणजे दोन गुंडांची जोडगोळी होता. मूळचा जंतू आतड्याला थरावर थर रचून चिकटणारा, सूक्ष्मदर्शकाखाली विटा रचल्यासारखा दिसतो, तसा प्रकार जगात बऱ्याच ठिकाणी जुलाब घडवतो पण किडनीपर्यंत जात नाही. त्याच्या जीनोममध्ये एका बॅक्टेरियोफाजने, म्हणजे जंतूंना लागणाऱ्या विषाणूने, शिगा विषाचं जीन आणून टाकलं. चिकटणं याचं आणि विष त्याचं. वर एका प्लाझ्मिडवर (जंतूतला डीएनएचा वेगळा छोटा गोल तुकडा) अँटिबायोटिक न जुमानणारी जीन्स. मुन्स्टरच्या हेल्गे कार्ख यांच्या लॅबकडे याच ओ१०४:एच४ जातीचा २००१ मधला एक नमुना फ्रीजमध्ये होता, त्यामुळे त्यांना ओळखायला आणि तपासणीची पीसीआर टेस्ट बनवायला वेळ लागला नाही. जुने नमुने जपून ठेवणाऱ्या लॅब्जना फंडिंग द्यायला सगळे का कुरकुरतात कळत नाही.

आणि आमच्या लोकांसाठी तर २०११ हे वर्षच वेगळं. हामबुर्गच्या हॉस्पिटलने डीएनए चीनमधल्या बीजीआय या जीनोम वाचणाऱ्या संस्थेला पाठवला, त्यांनी तो वाचून २ जूनला सगळा डेटा नेटवर फुकट टाकला, पेपर नाही, पेटंट नाही, घ्या. चोवीस तासांत कुणीतरी तुकडे जोडून जीनोम उभा केला, मग वेगवेगळ्या देशांतले लोक गिटहब या कोड शेअर करायच्या साइटवर आपापलं विश्लेषण टाकत बसले, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. आता अमेरिकेच्या पल्सनेटसारखी (अन्नातून येणाऱ्या साथी पकडणारी लॅब्जची साखळी) नेटवर्क्स पेशंटकडून आलेल्या जंतूंचं पूर्ण जीनोमच वाचतात, तेव्हा ते नवल होतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मोड काही जीनोमने शोधले नाहीत. जीनोम सांगतो हा कोण, कुठल्या ताटातून आला ते नाही सांगत. त्याला आचारीच लागला.

कैरीचं_पन्हं:
हे वाचून जपानचं आठवलं, १९९६ मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ओ१५७ या विषारी ई. कोलायची साथ आली, हजारो मुलं आजारी पडली, काही दगावली. तिथे संशय मुळ्याच्या मोडांवर होता, काइवारे म्हणतात, तिखट लागतात छान. मोड विकणाऱ्यांचा धंदा बसला तेव्हा आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी टीव्हीसमोर बसून ते मोड खाऊन दाखवले!! पुढे शेतकऱ्यांनी सरकारवर दावा लावला आणि कोर्टाने सरकारलाच भरपाई द्यायला लावली. म्हणजे मोड आणि सरकार हे लफडं जुनंच आहे. (अवांतर: हेच कान २०११ मध्ये पंतप्रधान होते, फुकुशिमाच्या वेळचे.)

तिखटमीठ:
कुणाला रक्ताचे जुलाब झाले तर घरातली शिल्लक अँटिबायोटिक द्यायची का? आमच्याकडे सर्रास देतात म्हणून विचारते.

पेट्रीडिश:
नाही. या प्रकारच्या जंतूत काही अँटिबायोटिकनी उलट विषाचं जीन जागं होतं आणि विष जास्त सुटतं, म्हणून डॉक्टर सावध असतात. २०११ मध्ये यावर भरपूर वाद झाला, नंतर अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल जरा बरा अनुभव आला, पण तो हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा निर्णय. घरी जुलाब थांबवायची गोळीही नको. पाणी देत राहा आणि रक्त दिसलं तर सरळ हॉस्पिटल, आणि तिथे गेल्यावर काय खाल्लं ते आठवून सांगा, सजावटीसकट.

बिनधास्त_बंड्या:
सगळं वाचलं. एक शंका राहतेच. मी आत्ता शोधलं तर दिसतंय की त्या इजिप्तच्या मेथीत तो जंतू कधी सापडलाच नाही. तपासले तेवढे सगळे बियाणं-नमुने निगेटिव्ह. मग काकडी सोडली आणि मेथीला फाशी दिली, फरक काय?

पेट्रीडिश:
चांगला प्रश्न बंड्या, आणि माहिती खरी आहे, बियांवर तो शेवटपर्यंत सापडला नाही. इजिप्तनेही हेच म्हटलं होतं.

फरक असा. काकडीच्या वेळी हातात एक जंतू होता, तो पेशंटमधल्या जंतूशी जुळायच्या आधीच बोट दाखवलं गेलं, आणि ती काकडी आजारी लोकांनीच खाल्ली होती याचा पुरावा नव्हता. मेथीच्या वेळी जंतू हातात नव्हता पण बाकी सगळं होतं. ४१ गट एकाच फार्मवर, फ्रान्समधला गट वेगळ्या देशात वेगळ्या माणसांच्या हातचा तरी जंतू तोच, आणि दोघांत सामाईक लॉट एकच. शिवाय १५ टन बियांमध्ये जंतू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, एखाद्या पोत्यात कोपऱ्यात असू शकतो, त्यातलं बरंचसं तोवर विकून खाऊन संपलेलं, आणि कोरड्या बीवरचा अर्धमेला जंतू लॅबच्या ताटलीत उगवेलच असं नाही, मोड येताना मात्र उगवतो. किलोभर मेथी तपासून निगेटिव्ह आली तर एवढंच कळतं की त्या किलोभर मेथीत सापडला नाही.

युनियनने त्यावर्षी इजिप्तच्या मेथीसकट बऱ्याच बियांची आयात थांबवली, बाजारातला त्या लॉटचा उरलेला माल परत मागवून नष्ट केला, आणि ती साथ त्यानंतर परत आली नाही.

बिनधास्त_बंड्या:
ठीक आहे, पटलं असं नाही म्हणणार पण मुद्दा कळला. मटकी उद्यापासून वाफवून.